हिवाळ्यातला बेसबॉल: रोस्टर, ट्रेड आणि पगारावर वाद कसा घालावा

शेजारच्या पॅपना मी पहिल्यांदा चिडलेलं पाहिलं ते एका कॅचरपायी (बॅटरमागे बसून बॉल झेलणारा, आपल्या विकेटकीपरसारखा). 2012 च्या नोव्हेंबरची अखेर होती. आम्हाला पिट्सबर्गला येऊन तीनच महिने झाले होते आणि बर्फ ओढायचं फावडं कसं धरलं की कंबर धरत नाही, हे ते मला दाखवत होते. इकडे पश्चिम पेनसिल्व्हेनियात आजोबांना 'पॅप' म्हणतात. त्यांची नातवंडं म्हणायची, मग आमचं घरही म्हणू लागलं. फावडं मारता मारता ते थांबले आणि म्हणाले, "दोनशे अकरा! दोनशे अकराच्या अ‍ॅव्हरेजवाल्याला सतरा मिलियन दिले यांनी!"

मला त्यातलं काही कळलं नाही. सांगलीत वाढलेल्या मला अ‍ॅव्हरेज म्हटलं की क्रिकेटमधली पन्नास-बावन्न आठवायची. मग हळूहळू उलगडा झाला. पॅप रसेल मार्टिनबद्दल बोलत होते. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या यांकीजकडून खेळताना त्याला हजारात 211 या हिशेबानं हिट मिळाल्या होत्या, आणि आमच्या पिट्सबर्गच्या टीमनं, पायरेट्सनी, त्याला दोन वर्षांसाठी 17 मिलियन डॉलर देऊन आणलं होतं. (एक मिलियन म्हणजे दहा लाख. पुढे मी मिलियनच लिहिते, इथे सगळे तेच बोलतात.)

पुढच्या वर्षी 1 ऑक्टोबरला सिनसिनाटीविरुद्ध वाइल्ड कार्डची, म्हणजे हरेल तो बाहेर अशी, मॅच होती. पॅपच्या बैठकीच्या खोलीत आम्ही अकरा जण दाटीवाटीनं बसलो होतो. स्टेडियममध्ये सगळे लोक समोरच्या पिचरच्या (बॉल टाकणाऱ्याच्या) नावाचा एका सुरात घोष करत होते, "क्वे-टो, क्वे-टो". जॉनी क्वेटोच्या हातून बॉल निसटून खाली पडला, आणि त्याच्या पुढच्याच बॉलवर मार्टिननं होमरन मारला, आपल्या सिक्सरसारखा. त्या रात्री त्यानं दोन मारले. पण पॅपनी नंतर मला समजावलं ते होमरनचं नव्हे, ग्लोव्हचं. 2012 मध्ये आमचा मुख्य कॅचर रॉड बराहास होता. त्याच्यासमोर 99 वेळा रनर बेस चोरायला, म्हणजे पिचर बॉल टाकत असतानाच पुढच्या बेसकडे, पळाले आणि त्यातले 6 बाद झाले. मार्टिननं 2013 मध्ये शंभरात चाळीस बाद केले. शिवाय कडेनं आलेला बॉल तो असा अलगद झेलायचा की अंपायर त्याला स्ट्राइक, म्हणजे पिचरच्या बाजूनं निकाल, देई. शोधणाऱ्याला हे सगळं नोव्हेंबरमध्येच दिसत होतं. आम्ही गल्लीतले लोक मात्र हिवाळाभर 211 या एकाच आकड्यावर भांडत बसलो होतो.

आता तेरा वर्षं झाली. मंडळाच्या कार्यक्रमांत नव्यानं आलेली मुलं-मुली मला विचारतात की ऑफिसात सगळे हिवाळाभर खेळाडूंच्या पगारावर बोलत असतात, आपण त्यात काय बोलायचं? हे त्यांच्यासाठी लिहिते आहे. माझं सांगणं एकच आहे. खेळाडूचा पगार बघण्याआधी तो किती वर्षं आपल्या टीमचा आहे ते बघा, आणि देवाणघेवाण (ट्रेड) झाली असेल तर दोन्ही बाजूंची वर्षं मोजा. बाकी सगळं त्यातून आपोआप कळत जातं.

वही घाला

मी एका छोट्या कंपनीत अकाउंट्स बघते. त्यामुळे असेल, पण मला लिहिल्याशिवाय काही कळत नाही. दोनशे पानी आखीव वही आणा आणि एका खेळाडूला एक पान द्या. वर्ल्ड सिरीज आणि दिवाळी मागेपुढेच येतात, म्हणून पाडव्याला वहीपूजनात मी घरखर्चाच्या वहीशेजारी ही वहीही ठेवते. हळद-कुंकू वाहिलं की नव्या हिवाळ्याचं पहिलं पान उघडायचं.

पानावर काय लिहायचं? आमच्या पॉल स्कीन्सचं पान जसंच्या तसं देते. (ड्राफ्ट म्हणजे नव्या पोरांची टीमनी आळीपाळीनं करायची निवड.)

"पिचर, उजवा. जन्म मे 2002. ड्राफ्ट 2023, पहिला नंबर. साइनिंग बोनस 9.2 मिलियन. पहिली मॅच 11 मे 2024. सर्व्हिस: 2024 अखेर 1 वर्ष, 2025 अखेर 2 वर्षं. आर्बिट्रेशन 2027 पासून. 2029 चा सिझन संपला की फ्री एजंट."

यातली शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. मेजर लीगमध्ये, म्हणजे सगळ्यात वरच्या लीगमध्ये, सहा वर्षं (हीच सर्व्हिस) भरेपर्यंत खेळाडू त्या टीमकडे बांधलेला असतो. पहिली साधारण तीन वर्षं टीम देईल तो पगार घ्यायचा. लीग आणि खेळाडूंची युनियन यांच्या करारानं किमान किती द्यायचा ते ठरलेलं आहे: 2025 ला 7,60,000 डॉलर, 2026 ला 7,80,000. नंतरची तीन वर्षं आर्बिट्रेशनची. खेळाडू एक आकडा सांगतो, टीम दुसरा सांगते, जमलं नाही तर पंचांपुढे जातात. पंच मधला आकडा काढत नाहीत, दोहोंतला एक निवडतात. त्यामुळे अवाच्या सवा मागणारा हरतो आणि हात आखडणारी टीमही हरते. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा. त्याला फ्री एजंट म्हणतात, आणि हिवाळ्यातले मोठमोठे आकडे ऐकू येतात ते बहुतेक याच लोकांचे.

म्हणजे स्कीन्ससारखा पिचर, जो 2025 मध्ये 1.97 च्या ईआरएनं एकमतानं सर्वोत्तम पिचरचा साय यंग अवॉर्ड जिंकला, तो आज किमान पगाराच्या आसपास खेळतो. (ईआरए म्हणजे नऊ इनिंगमागे पिचरनं दिलेले रन. चारच्या खाली असेल तर लोक समाधानी असतात.) त्याच वर्षी त्याचा निकाल 10 विजय आणि 10 पराभव असा होता, कारण तो पिचिंग करत असताना आमचे बॅटर रनच काढत नव्हते. या एका पानावरून पिट्सबर्गचं आजचं सगळं दुखणं कळतं. हिरा हातात आहे, तो चार सिझन हातात राहणार आहे, आणि या चार सिझनमध्ये भोवती काय उभं करता हा प्रश्न आहे.

एप्रिलचा वाद: पोराला वर का आणत नाहीत?

हा वाद दर वर्षी होतो आणि यात नवखा माणूस हमखास अडकतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

सिझन साधारण 187 दिवसांचा असतो. मेजर लीगमध्ये 172 दिवस भरले की सर्व्हिसचं एक वर्ष लागतं. आता हिशेब करा. एखाद्या तयार पोराला पहिले सोळा-सतरा दिवस खाली ट्रिपल-एमध्ये (मेजरच्या लगेच खालच्या लीगमध्ये) ठेवलं, तर त्याचं ते वर्ष पूर्ण भरत नाही, आणि टीमला तो शेवटाकडे आणखी एक वर्ष मिळतो. तेही तो ऐन भरात असतानाचं. 2024 च्या एप्रिलमध्ये स्कीन्स इंडियानापोलिसच्या ट्रिपल-ए टीममध्ये होता. सात मॅचमध्ये त्याचा ईआरए एकच्याही खाली. माझा मुलगा तेव्हा रोज शाळेतून आला की विचारायचा, "आई, आज आणलं का त्याला?"

पॅपचं म्हणणं होतं की हा सरळ वर्ष वाचवायचा डाव आहे. टीमचं म्हणणं असं की कॉलेजात आठवड्यातून एकदा पिचिंग करणाऱ्या पोराला पाचव्या-सहाव्या दिवशी पिचिंगची सवय लावायची तर हळूहळू चढवायला हवं. मला दोन्हींत तथ्य वाटत होतं. पण वहीत मी तेव्हाच एक गोष्ट लिहून ठेवली होती. युनियनबरोबरच्या 2022 च्या करारात नवा नियम आला आहे की रूकी ऑफ द इयरच्या (सर्वोत्तम नवख्या खेळाडूच्या) मतदानात पहिल्या दोघांत येणाऱ्याला दिवस कमी भरले तरी पूर्ण वर्ष मिळतं. आणि नावाजलेल्या पोराला सुरुवातीपासून वर ठेवलं आणि तो हा अवॉर्ड जिंकला, तर टीमला ड्राफ्टमध्ये एक जादा पिक मिळतो. स्कीन्स मेमध्ये आला आणि अवॉर्ड जिंकला. म्हणजे वर्षही वाचलं नाही आणि जादा पिकही मिळाला नाही.

तेव्हा या वादात उतरताना "कंजूस आहेत" एवढ्यावर थांबू नका. 172 हा आकडा पाठ ठेवा, पोराच्या मायनरमधल्या (खालच्या लीगमधल्या) इनिंग किती झाल्या ते बघा, आणि मग विचारा की थांबून नक्की काय मिळालं. या प्रश्नाला उत्तर देताना समोरच्यालाही विचार करावा लागतो.

नोव्हेंबरचा वाद: चाळीसमध्ये कोण?

मैदानावरची टीम 26 जणांची असते, पण टीमच्या कागदावर (रोस्टरवर) 40 जण असतात. नोव्हेंबरच्या मध्यावर ठरवायचं असतं की मायनरमधल्या कोणत्या पोरांना या चाळिसात घ्यायचं. अठराव्या वर्षी किंवा त्याआधी सही केलेला पोरगा पाच सिझननंतर, त्याहून मोठ्या वयात आलेला चार सिझननंतर, चाळिसात नसेल तर, उघड्यावर पडतो. डिसेंबरात रूल फाइव्ह ड्राफ्ट होतो, त्यात दुसरी टीम 1,00,000 डॉलर भरून त्याला उचलू शकते. अट एवढीच की त्याला पुढचा सिझनभर मेजर लीगच्या टीममध्ये ठेवायचं, नाहीतर परत द्यायचं.

"इतक्या खालच्या पोरांवर काय बोलायचं" असं पिट्सबर्गमध्ये चुकूनही म्हणू नका. 1954 मध्ये ब्रुकलिन डॉजर्सनी प्वेर्तो रिकोच्या एका पोराला 10,000 डॉलर बोनस देऊन घेतलं होतं. तेव्हाच्या नियमानं इतका बोनस घेतलेल्याला मेजर लीगमध्ये ठेवलं नाही तर तो ड्राफ्टला खुला व्हायचा. डॉजर्सनी त्याला माँट्रियलला धाडलं. शेवटच्या नंबरावर असलेल्या पायरेट्सना निवडीचा पहिला मान होता, त्यांनी त्याला 4,000 डॉलरना उचललं. तो रोबेर्टो क्लेमेंटे. अठरा सिझन, 3,000 हिट, 1960 आणि 1971 अशा दोन वर्ल्ड सिरीज, सगळं पिट्सबर्गसाठी. 31 डिसेंबर 1972 ला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेलं त्याचं विमान समुद्रात कोसळलं. त्याच्या 21 नंबरावरून आमच्या स्टेडियमची, पीएनसी पार्कची, उजवीकडची भिंत 21 फूट उंच बांधली आहे. पॅप तिच्याकडे हात करून नातवंडांना सांगतात, "हा आपल्याला नोव्हेंबरमध्ये मिळाला."

मार्चमध्ये याच यादीवरून आणखी एक छोटा वाद होतो. चांगल्या पोराला खाली पाठवलं आणि सुमार माणसाला ठेवलं म्हणून लोक वैतागतात. त्या वेळी 'ऑप्शन' बघा. चाळिसातल्या खेळाडूला तीन वर्षांपुरतं मोकळेपणानं खालीवर करता येतं. ती तीन वर्षं संपली की खाली पाठवताना बाकीच्या टीमना तो घ्यायची संधी द्यावी लागते. म्हणजे ज्याचे ऑप्शन संपलेत त्याला पाठवला तर गमवाल, ज्याचे आहेत तो मेमध्ये परत येईल. वहीत ऑप्शनचा रकाना असला की हा वाद दोन मिनिटांत मिटतो.

पैशाचं बोलताना

आयपीएल बघणाऱ्याला इथे एक गोष्ट आधी विसरावी लागते. तिथे सगळ्या टीमना एकूण सारखीच पर्स असते. बेसबॉलमध्ये खर्चाला वरून टोपण नाही. एक कर तेवढा आहे. 2025 मध्ये 241 मिलियनच्या वर पगारखर्च गेला तर वरच्या रकमेवर कर भरायचा. पहिल्या वर्षी 20 टक्के, लागोपाठ दुसऱ्या वर्षी 30, तिसऱ्या वर्षापासून 50, आणि फारच वर गेलात तर आणखी भर. 2025 साठी लॉस एंजेलिस डॉजर्सना नुसता कर 169 मिलियन लागला. आमच्या टीमचे सगळ्यांचे पगार एकत्र केले तरी तेवढे होत नाहीत.

एकूण रकमेनं दिपून जाऊ नका, वर्षांनी भागा. हा कर मोजताना कराराची वार्षिक सरासरीच धरतात. ब्रायन रेनॉल्ड्सचा 2023 चा करार 106.75 मिलियनचा. पायरेट्सच्या इतिहासात तेव्हा सगळ्यात मोठा म्हणून पेपरांत मोठ्या अक्षरात आला. आठ वर्षांनी भागला तर वर्षाला तेरा-साडेतेरा. शिवाय पैसे कधी द्यायचे तेही बघा. डॉजर्सच्या शोहेई ओहतानीचा करार 10 वर्षं 700 मिलियनचा, पण त्यातले 680 तो 2034 पासून पुढे घेणार आहे. आज रुपया देणं आणि दहा वर्षांनी देणं यातला फरक आपल्याकडे भिशी लावणाऱ्या बाईलाही कळतो. म्हणून करासाठी त्याचं वर्ष साधारण 46 मिलियन धरलं जातं.

आता मालकाबद्दल. पिट्सबर्गमध्ये हा विषय निघतोच. 2025 च्या एप्रिलमध्ये घरच्या पहिल्याच मॅचला स्टेडियमभर "टीम विका" अशा घोषणा झाल्या. मी हिशेबातली बाई आहे, म्हणून इथे एक सावधगिरी सांगते. टीमला किती नफा होतो हे आपण ठामपणे बोलू शकत नाही, कारण त्यांचे हिशेब खासगी असतात. अटलांटा ब्रेव्हजची कंपनी शेअर बाजारात आहे, तिचे आकडे दर तिमाहीला वाचता येतात, आणि एक टीम कुठून किती कमावते ते समजून घ्यायला मी तेच वाचते. पायरेट्सबद्दल बोलायचं तर जे उघड आहे त्यावर बोला. आणि उघड पुष्कळ आहे. प्रत्येक टीम स्थानिक उत्पन्नाचा 48 टक्के भाग सामायिक खात्यात टाकते आणि तो सगळ्या तीस टीममध्ये सारखा वाटला जातो, त्यात आमच्यासारख्या छोट्या शहराला टाकतो त्यापेक्षा जास्त मिळतं. तो पैसा टीम सुधारायला वापरायचा असा नियम आहे. 2018 मध्ये खेळाडूंच्या युनियननं चार टीमविरुद्ध याच मुद्द्यावर तक्रार नोंदवली, त्यात पायरेट्स होते. आणि 2016-17 च्या हिवाळ्यात इव्हान नोव्हाला तीन वर्षांचे 26 मिलियन दिल्यानंतर पुढची कित्येक वर्षं बाहेरच्या कोणाही फ्री एजंटला एकाहून जास्त वर्षांचा करार मिळाला नव्हता. रायन ओहर्नला दोन वर्षांचे 29 मिलियन मिळाले ते थेट 2025 च्या हिवाळ्यात.

हे शेवटचं वाक्य नीट बघा. यात नफ्याचा अंदाज नाही, शिवी नाही, तारखा आणि वर्षं आहेत. असं बोललात की टीमची बाजू घेणारा माणूसही तुमचं ऐकून घेतो.

खर्च झालाच पाहिजे असं मला मनापासून वाटतं. पण "जास्त खर्च करा" ही मागणी अर्धवट आहे. कुठे, ते सांगा. 2025 मध्ये पायरेट्सचे होमरन 117, सगळ्या मेजर लीगमध्ये शेवटून पहिले. पिचिंग चांगलं होतं. तेव्हा त्या हिवाळ्यात कुणी मोठ्या पिचरचं नाव घेतलं की मी विचारायची, रन कोण काढणार? जाता जाता वॉरबद्दल. वॉर म्हणजे सहज मिळणाऱ्या बदली खेळाडूपेक्षा या माणसानं टीमला किती विजय जास्त दिले याचा अंदाज. तुलनेला बरा आहे, पण अर्ध्या-पाऊण वॉरच्या फरकावर भांडू नका, तो तितका बारीक मोजत नाही.

ट्रेडवर मत कसं बनवावं

2018 च्या जानेवारीत दोन दिवसांच्या अंतरानं दोन ट्रेड झाले. 13 तारखेला पिचर गेरिट कोल ह्यूस्टनला गेला, 15 ला अँड्र्यू मकचन सॅन फ्रान्सिस्कोला. मकचन 2013 चा एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू), या शहराचा लाडका. आमच्या गल्लीत त्या संध्याकाळी सुतक असल्यासारखं होतं. कोलचे दोन सिझन बाकी होते, त्याच्या बदल्यात चार खेळाडू मिळाले. मकचनचा एकच सिझन बाकी होता, त्याच्या बदल्यात दोन. त्यातलं एक नाव तेव्हा फारसं कुणी ऐकलं नव्हतं: ब्रायन रेनॉल्ड्स. वर ज्याच्या कराराबद्दल लिहिलं तोच हा. कोलनं पुढे यांकीजशी नऊ वर्षांचा 324 मिलियनचा करार केला, आणि त्याच्या बदल्यात आलेल्या चौघांपैकी आज पिट्सबर्गमध्ये कुणी नाही. म्हणजे ज्या ट्रेडवर आम्ही रडलो तो टीमला जास्त फळला.

त्याच वर्षी 31 जुलैला माझी मोठी चूक झाली. जुलैमध्ये टीमनं लागोपाठ अकरा मॅच जिंकल्या होत्या, सगळं शहर हवेत होतं, आणि पायरेट्सनी टॅम्पा बेकडून पिचर क्रिस आर्चर आणला. मी वहीत हिरव्या शाईनं लिहिलं, "आर्चर. 2021 पर्यंत आपला. पगार माफक. उत्तम." पॅपनी विचारलं, "आणि दिलं काय?" मी म्हटलं, टायलर ग्लासनो, ऑस्टिन मेडोज आणि एक नाव नंतर ठरणार आहे. ते नाव दोन आठवड्यांनी ठरलं: शेन बॅझ, टीमनं वर्षभरापूर्वी पहिल्या फेरीत घेतलेला पोरगा.

आर्चरची वर्षं मी मोजली होती. गेलेल्यांची मोजलीच नव्हती. ग्लासनो आणि मेडोज या दोघांचीही आर्चरपेक्षा जास्त वर्षं शिल्लक होती, आणि बॅझची तर सुरूही झाली नव्हती. आर्चरचा 2019 चा ईआरए 5.19, 2020 ऑपरेशनमध्ये गेलं, मग टीमनं त्याला सोडलं. मेडोजनं 2019 मध्येच टॅम्पासाठी 33 होमरन मारले. ग्लासनोला पुढे डॉजर्सनी पाच वर्षांचे 136.5 मिलियन दिले. आर्चरची दुखापत कुणाला आधी दिसणार नव्हती, तिच्यासाठी मी कुणाला दोष देत नाही. पण वर्षांची बेरीज त्या दिवशीही करता येत होती, अगदी पेन हातात असताना. तेव्हापासून माझ्या वहीत ट्रेडला समोरासमोरची दोन पानं असतात. डावीकडे काय आलं, उजवीकडे काय गेलं, आणि दोन्ही पानांच्या तळाशी वर्षांची बेरीज. उजवं पान भरल्याशिवाय मी तोंड उघडत नाही.

मत बनवलंत की त्यावर तारीख घाला. "हा ट्रेड चुकला" असं पाच वर्षांनी कुणीही म्हणतं. त्या दिवशी काय माहीत होतं आणि तुम्ही काय म्हणालात, हे लिहिलेलं असेल तरच पुढच्या वर्षी तुमच्या शब्दाला वजन येतं.

कुणाशी बोलताय ते विसरू नका

वाद रंगला की आकडे तोंडावर फेकायचा मोह होतो. समोरच्या माणसाचं वय बघा. पिट्सबर्गमध्ये पन्नाशीच्या पुढच्या माणसासमोर 1992 चा विषय आपणहून काढू नये. 14 ऑक्टोबर 1992, अटलांटा, वर्ल्ड सिरीजमध्ये कोण जाणार ते ठरवणारी सातवी मॅच. नवव्या इनिंगपर्यंत पायरेट्स दोन रननी पुढे. शेवटच्या हिटवर दुसऱ्या बेसवरून धावत सुटला तो सिड ब्रीम, गुडघ्यांची ऑपरेशनं झालेला, संथ. डावीकडून बॅरी बाँड्सनं बॉल फेकला आणि ब्रीम घसरत इंचभरानं सुटला, आणि अटलांटा जिंकली. हा ब्रीम दोन वर्षांपूर्वीपर्यंत पायरेट्सचाच होता, फ्री एजंट म्हणून अटलांटाला गेलेला. त्याच हिवाळ्यात बाँड्सही 43.75 मिलियनच्या करारावर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. मग सलग वीस सिझन टीम जिंकली कमी, हरली जास्त. त्यातला विसावा सिझन म्हणजे आम्ही इथे आलो ते वर्ष.

म्हणून पॅप एखाद्या पाच मिलियनच्या करारावर आवाज चढवतात तेव्हा मी मधे बोलत नाही. आधी ऐकून घेते, चहा ठेवते, दिवाळीतल्या शंकरपाळ्या उरल्या असतील तर डबा पुढे करते. मग विचारते, "पॅप, किती वर्षं?" ते मनातल्या मनात मोजतात. अर्धा वाद तिथेच शांत होतो, उरलेला अर्धा खरोखर घालण्यासारखा असतो.

2025 च्या डिसेंबरमधल्या ट्रेडचा वाद असाच उरला आहे. तीन टीमच्या देवाणघेवाणीत आम्हाला टॅम्पाहून ब्रँडन लाउ मिळाला. आदल्या सिझनला 31 होमरन, पण करार एकाच वर्षाचा शिल्लक. सोबत जेक मँगम आणि मेसन माँटगोमेरी. आमच्याकडून ह्यूस्टनला गेला तरुण पिचर माइक बरोज, ज्याचे सहा सिझन बाकी. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वही उघडून मी उजवं पान भरलं आणि म्हटलं, एकासाठी सहा दिले, महाग पडलं. पॅपनी चष्मा वर केला, डाव्या पानावर बोट ठेवलं. "स्कीन्सची किती राहिली?" मी म्हटलं चार. "मग त्यातलं एक रन काढणाऱ्याबरोबर घालवू दे त्याला."

हे मी मोजलं नव्हतं. ट्रेडमध्ये नसलेल्या माणसाची वर्षंही त्या बेरजेत येतात, हे पॅपनी दाखवलं. तरी माझं मत मी बदललेलं नाही. डाव्या पानाखाली त्यांनी पेन्सिलनं सही केली, उजव्याखाली मी पेननं केली, आणि मधे तारीख घातली.